यांच्या जॅकेटची चेन

३ फेब्रुवारी, मंगळवार

म्हणे मी तोडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जॅकेट कुणाचं? यांचं. समुद्रावर घालून कोण जातं? हे. क्लबातल्या पोरांना शिडाच्या बोटी चालवायला शिकवतात आणि रोज सांगतात, पाण्यातून आलात की आधी कपडे गोड्या पाण्यातून काढा, चेनी धुवा. स्वतःचं जॅकेट मात्र खारं तसंच आणून खुंटीला अडकवायचं. मला धुवायला सांगितलं होतं, ते वेगळं. मी दिवसभर जगाचे कपडे धुते. घरचे पण मीच धुवायचे तर मग लाँड्री चालवून उपयोग काय? मग मीठ चढलं चेनीवर. चढणारच. मीठ काय माझ्या माहेरहून आलं?

परवा संध्याकाळी हे आले, चेन छातीशी अडकलेली. रनर ना वर ना खाली. स्वयंपाकघरात हनुवटी वर करून उभे राहिले. म्हणाले, कोमट पाणी आण, जरा मुरू दे. गॅसवर दूध होतं. दूध कुणासाठी मुरत बसतं का? मी पक्कड घेतली आणि ओढली. रनर जागच्या जागी, त्याची ओढायची पट्टी माझ्या हातात. मग जॅकेट डोक्यातून काढलं. मी वरून ओढत होते, हे खालून बोलत होते. एक कान लाल झाला. दोन्ही झाले असते तर मी ऐकून घेतलं असतं.

नंतर भांडले नाहीत. माझी खरी तक्रार ही आहे. माणसाने भांडावं. हे जेवले, स्वतःचं ताट घासलं, पिशवी भरली आणि बोटींच्या शेडवर क्लबाची खोली आहे तिथे राहायला गेले. दारात म्हणाले, तुला कशालाच थांबता येत नाही. एवढं बोलून निघाले. म्हणजे थांबलं कोण नाही?

शेजाऱ्यांनी विचारलं तर मी सांगितलं, यांना कामाला जवळ पडतं.

जॅकेट खुंटीलाच आहे. जॅकेट ठेवून गेलेला माणूस गेलेला नसतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, प्रेशर वाढलंय, राग तोंडाने काढू नका, लिहून काढा. चौथी झाली आहे माझी, अक्षर वाचता येईल असं आहे. पण वाचायचं कुणी नाही.

ठरवलं: शुक्रवारपर्यंत चेन मोकळी. जॅकेट नेऊन यांच्यापुढे टाकायचं. हे पिशवी घेऊन माझ्या मागून घरी येतील. पिशवी मी उचलणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

जॅकेट दुकानात नेलं. कपड्यांत जन्म गेला माझा. डाग बघून सांगते, जेवताना पडला की भांडताना. एका चेनीने मला काय अडवायचं.

दारात उजेडाला धरून पाहिली. दात प्लास्टिकचे, चांगले धडधाकट. रनर धातूचा. त्याच्यावर पांढरी पूड आणि कडेला हिरवट. म्हणजे दातांचा दोष नाही, रनर गंजलाय. घरात सगळे धड आणि एकच माणूस अडून बसलेला, तसं.

मुलीला सासरी फोन केला. तिने मोबाइलवर बघून सांगितलं, कोमट पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी जुन्या टूथब्रशने घास, मग हलक्या हाताने मागे-पुढे कर. मी म्हटलं, रात्रभर कशाला? पाणी काय विचार करत बसतं?

बादलीत घातलं. चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर काढलं. होती तशीच. पाण्याचा उपयोग होत नाही, हे मुलीला कळवलं. ती म्हणाली, आई, पुन्हा पक्कड घेतलीस ना? मी म्हटलं, नाही. फोन ठेवल्यावर घेतली, म्हणजे खोटं बोलले नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुलीने व्हिनेगर सुचवलं. पाणी घालून पातळ करायचं, रनर त्यात बुडवायचा आणि वाट बघायची. सगळ्या उपायांत शेवटी वाट बघायचीच असते. कोण शोधून काढतं हे उपाय, रिकामटेकडे?

पातळ केलं नाही. औषध पातळ केलं तर गुण कसा येईल. अख्खी बाटली ओतली. बादलीच्या तळाशी बँकेतल्या साहेबांचा पांढरा शर्ट होता, तो दिसला नाही.

संध्याकाळी साहेब शर्ट न्यायला आले. हुंगला. म्हणाले, हा वास कसला? मी म्हटलं, स्वच्छतेचा. ते गप्प झाले. शिकलेली माणसं लवकर गप्प होतात.

चेन: नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. तो प्रत्येक वाक्याआधी म्हणतो, तसं बघायला गेलं तर. तसं बघायला गेलं तर तुमचा रनर जाम आहे. हे मला दिसत होतं. गंज सोडवायचा स्प्रे दिला. म्हणाला, कापडाला लागू देऊ नका, काडीने एक थेंब फक्त रनरवर, आणि मग जाऊन दुसरं काम करा. चेन मोकळी झाली, की धुऊन वाळवून दातांवर मेणबत्ती घासा, परत अडकणार नाही.

स्प्रे हा मारायचाच असतो, नाहीतर बाटलीत भरून दिला असता. मारला. पिवळ्या जॅकेटवर छातीशी काळा डाग पडला, एक मोठं बोट उमटावं तसा. दुसरं काम म्हणून बाजूला मेणबत्ती होती, ती घासून घेतली. नंतर करायचं ते आधीच करून टाकलं की नंतरची कटकट नाही.

हार्डवेअरवाला दुकानातून बघत होता. ओरडला, ताई, आधी कळस मग पाया झालं की हे! तुम्ही मीठ आत ठेवून वरून झाकण लावलंत! मी म्हटलं, तुमच्याकडे गिऱ्हाईक आलंय. आलं नव्हतं. पण तो आत गेला.

आजचा शुक्रवार धरायचा नाही. पुढचा.

८ फेब्रुवारी, रविवार

नणंदबाई आल्या. यांच्या थोरल्या बहीण. स्वभावाने चांगल्या आहेत, पण पाणीसुद्धा चावून पितात. चपला काढण्यापासून खुर्चीत बसेपर्यंत माझे दोन शर्ट इस्त्री करून झाले.

भावाला भेटून आल्या होत्या. म्हणाल्या, बरा आहे, स्वतः करून खातो, दोरखंडाच्या गाठी सोडवत बसलेला असतो. म्हणजे खंगले असणार. बहीण आहे, सांगत नाही.

मग म्हणाल्या, एक सांगायचं होतं. आणि मग चहा प्यायल्या. मी म्हटलं, वन्सं, सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर कप तरी खाली ठेवा. तेव्हा सांगितलं. किनाऱ्याने बरंच वर गेल्यावर दुसरा एक मोठा क्लब आहे. त्यांना सगळ्या बोटी सांभाळायला माणूस पाहिजे. यांना विचारलंय. कायमचं काम. सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, हो की नाही ते सांगायचं. एक मार्चला इथली एक बोट तिकडे न्यायची आहे, तिच्यावरूनच निघायचं.

मी इस्त्री उभी केली. म्हटलं, जाऊच शकत नाहीत.

त्या म्हणाल्या, का?

मी म्हटलं, जॅकेट माझ्याकडे आहे.

मी समजावून सांगितलं. समुद्रावर जॅकेटशिवाय जाता येत नाही. जॅकेट न्यायला इथे यावं लागेल. इथे आले की मी चेन उघडून दाखवीन. चेन उघडलेली बघितली की बोलायला काही उरणार नाही. त्या म्हणाल्या, सरळ जाऊन भेट ना त्याला. मी म्हटलं, हातात काही नसताना?

जाताना म्हणाल्या, अति घाई संकटात नेई. मी म्हटलं, ते ट्रकच्या मागे लिहितात. मी ट्रक नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डोक्यात लख्ख उजेड पडला. बरणीचं झाकण बसलं तर आपण काय करतो? गरम करतो. आणि गरम करायला माझ्याइतकी तयारी गावात कुणाची आहे?

इस्त्री फुल्ल केली. वरून ओला कपडा घातला, तेवढं कळतं मला. बेंबीपासून सुरुवात केली, म्हणजे हात बसेल आणि रनरपर्यंत येईतो अंदाज येईल.

अंदाज आला. बेंबीजवळचे दात एकमेकांत विरघळले. आता ते वेगळे नाहीत, सख्ख्या भावंडांसारखे एक झालेत. आतून शिलाईवर पाणी अडवायची पट्टी होती, तिला फोड आले. इस्त्रीला पिवळं लागलं आणि तिथून पुढच्या दोन गिऱ्हाइकांच्या कपड्यांना.

रनरपर्यंत गेलेच नाही. म्हणजे अडचण होती तिथे काही बिघडलेलं नाही. ही मोठी गोष्ट आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

आतापर्यंत कुठे चुकत होतं ते सापडलं. चेन हातात धरून ओढली तर कापड लुळं पडतं, जोर लागणार कुठे? चेन ही छातीवर ओढायची वस्तू आहे. जॅकेट डोक्यातून अंगात घातलं. आरशासमोर उभी राहिले. पक्कड. श्वास घेतला. ओढली.

हलला! रनर हलला! पांढरी पूड उडाली आणि करकर करत सरळ वर आला. कॉलर उभी आहे जॅकेटची, नाकापर्यंत बंद झालं.

जिंकले. आता फक्त खाली घ्यायचा.

त्याच दिवशी, दुपार

खाली येत नाही.

डोक्यातून काढता येत नाही, कारण गळा बंद आहे. गळा बंद आहे, कारण माझा प्रयोग यशस्वी झाला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुकान उघडं ठेवलं. घाबरायचं कशाला, जॅकेटच घातलंय. जॅकेट समुद्रावरचं असल्यामुळे आत वारा येत नाही आणि आतला घाम बाहेर जात नाही. समोर इस्त्री. एक गिऱ्हाईक म्हणालं, काय ताई, पाऊस येणार वाटतं? मी म्हटलं, हो. तो घरी जाऊन छत्री घेऊन आला. त्याच्याकडे बघून पलीकडच्या चप्पलवाल्याने फुटपाथवरचा माल आत घेतला. आभाळात ढग नव्हता.

मुलगी फोनवर म्हणाली, कात्री घे आणि मोकळी हो. मी म्हटलं, कापलेलं जॅकेट घेऊन यांच्यापुढे जाऊ? ती म्हणाली, आवाज असा का येतोय? म्हटलं, कॉलरमधून.

जेवताना कॉलर एका हाताने खाली दाबून धरावी लागते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. जॅकेटमध्येच गेले. प्रेशर मोजायचा पट्टा बाहीवर बसेना. त्या म्हणाल्या, जॅकेट काढा. मी म्हटलं, थंडी वाजते. घाम डोळ्यांत जात होता, तो पुसत म्हटलं. त्या म्हणाल्या, लिहिता ना रोज? म्हटलं, लिहिते. राग कमी झाला? म्हटलं, राग नव्हताच कधी, घाई असते. म्हणाल्या, बाहेर बाकावर जरा शांत बसा, मग बघू. बसले. माझ्या शेजारी एक म्हातारा इतका हळू खोकत होता की मला ऐकवेना. उठून आले.

त्यांनी कागदावर प्रेशर लिहिलं नाही. म्हणजे लिहिण्यासारखं काही नव्हतं. तब्येत उत्तम.

हा शुक्रवारही धरायचा नाही. माणूस आजारी असताना दिवस मोजत नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार

नणंदबाई आल्या. मला बघून आधी खुर्चीत बसल्या आणि मग हसल्या. हसण्यातसुद्धा घाई नाही. डोळे पुसले, पदर सारखा केला, परत हसल्या. मी म्हटलं, झालं असेल तर बोला. म्हणाल्या, भाऊ हे बघायला हवा होता.

वाडग्यात कोमट पाणी घेतलं. टूथब्रश मागितला. मी आहे तो दिला. माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि गळ्याशी रनरवर फडक्याने पाणी टिपायला लागल्या. टिपायचं, थांबायचं. ब्रश फिरवायचा, थांबायचं. मी म्हटलं, वन्सं, ओढा की. त्या म्हणाल्या, तू गप्प बस, मी तुला शेजारणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगते. आणि सुरू केलं, ते गुडघ्याच्या लहानपणापासून. शेजारण शाळेत असताना झाडावरून पडली होती तिथून. मला तीन रात्री त्या जॅकेटमध्ये झोप नव्हती. पोरगी झाडावर असतानाच माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गार वारा लागत होता. चेन पोटापर्यंत उघडी. वाडग्यात राखेसारखं पाणी. नणंदबाई एक्स-रेपर्यंत पोचल्या होत्या.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तसं झालं. गुरुवारी मी दिलेल्या झटक्यानेच रनर सैल झाला होता, नुसता लाजत होता. त्यांचा शेवटचा हात लागला. मोठ्या आहेत, नाव त्यांना दिलं. बोलून नाही, मनात.

त्या म्हणाल्या, आता गोड्या पाण्यातून काढ, सावलीत पूर्ण वाळव, मग मेण लाव, आणि दोन दिवस हात लावू नकोस. मी हो म्हटलं. बेंबीजवळ चेन पुढे जात नाही हे त्यांनी बघितलं. मी म्हटलं, ते मुद्दाम केलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

इथून पुढचे नियम. समुद्रावरून आलं की गोडं पाणी. रोज. चेन उघडी ठेवून वाळवायची. मेण आठवड्याला. कुणी अडकवली तर ओढायची नाही. हे यांना पाठ करायला लावणार आहे.

आज धुतलं नाही, गर्दी होती. मेणही राहिलं. पण चेन सगळ्या गिऱ्हाइकांना चालवून दाखवली. वर, खाली. वर, खाली. काय सुळकन जाते! बँकेतले साहेब म्हणाले, छान. मी त्यांना पुन्हा दाखवली. हार्डवेअरवाल्याला रस्त्यात उभी राहून दाखवली. तो काहीतरी ओरडला, तसं बघायला गेलं तरच्या पुढचं ऐकू आलं नाही.

उद्या नेऊन देणार. शुक्रवारची वाट कोण बघतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी निघण्याआधी एकदा शेवटची चालवून बघितली. रनरचे दोन तुकडे झाले. आपणहून. आतून गंजाने पोखरलेला होता, मी निमित्त.

गेले नाही. दुकानात काम होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाजारच्या माझ्या पिशवीला चेन आहे, तिचा रनर काढून जॅकेटला घातला. पुढून नीट चालतो आणि मागून सगळं उघडं पडत जातं. अशी माणसं खूप बघितली, चेन पहिल्यांदा. हार्डवेअरवाला म्हणाला, रनरला नंबर असतो ताई, रनरच्या मागे कोरलेला असतो. आता सांगतो. आणि ही अख्खी चेनच बदलावी लागेल, तीन-चार दिवस द्या, शहरातून मागवतो. तीन-चार दिवस! मी म्हटलं, तुझी चेन तुलाच लखलाभ.

पिशवीही आता बंद होत नाही. कांदे रस्त्यावर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुलीचा फोन. म्हणाली, आई, जॅकेट सोड आणि बाबांना जाऊन भेट. मी म्हटलं, जाऊन बोलू काय? चेन झाल्याशिवाय विषय काय काढणार? ती म्हणाली, विषय चेन नाहीच आहे आई. मग काय आहे, विचारलं. ती म्हणाली, ते मी कसं सांगू. मी म्हटलं, सांगायचं नसेल तर फोन ठेव, माझी इस्त्री तापलीय. ठेवला तिने. बापावर गेलीय.

यांना जायचं आहे का, एवढं तरी तिने विचारायला पाहिजे होतं. मी विचारायला सांगितलं नव्हतं, ते वेगळं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कालचा शुक्रवार कामातच गेला.

शेवटी डोकं चालवलं. चेनीला गंज लागतो. बटणाला काय लागतं? काही नाही. दुकानात बरणीभर बटणं आहेत, इतक्या वर्षांत लोकांच्या कपड्यांतून गळलेली. जगात कुणाचं काय गळतं ते माझ्या बरणीत दिसतं. जाड दोरा घेतला. सुई मोडली. दुसरी मोडली. मग चप्पलवाल्याकडून आरी आणली आणि तिने कापडाला भोकं पाडली. जॅकेट पाणी आत येऊ नये म्हणून केलेलं असतं, त्याला भोकं पाडताना जरा हात थांबला. पण थोडकाच.

बटणं पोटापासून गळ्यापर्यंत. एकसारखी कुठून आणणार? एक कोटाचं काळं, एक शाळेच्या गणवेशाचं, एक कुणाच्या तरी झग्याचं मोत्याचं. खाली बेंबीपर्यंत इस्त्रीने कायमचं बंद केलेलं आहेच, तिथे बटणं लावावी लागली नाहीत. तेव्हा वाटलं होतं चूक झाली. काही चूक नव्हती.

घालून बघितलं. निघतं! हवं तेव्हा निघतं! ही गोष्ट त्या जॅकेट बनवणाऱ्यांना का सुचली नाही कळत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

नणंदबाई आल्या. बटणं बघितली. एक-एक बटण हाताने चाचपलं आणि जॅकेट घडी घालून ठेवलं.

भावाची खबर: सामान बांधायला घेतलंय. तिकडे राहायला दोन खोल्या देतात म्हणे. एकट्या माणसाला दोन खोल्या? झाडणार कोण? आणि म्हणाल्या, तिथल्या बाजारात लाँड्री आहे का, नसली तर दुकानाला जागा मिळेल का, म्हणून फोनवर विचारत होता.

मला इतकं लागलं ते. माझ्या हयातीत कपडे बाहेर टाकायची तयारी करतोय माणूस. मी म्हटलं, वन्सं, सांगा त्यांना, खुशाल टाका म्हणावं. त्या म्हणाल्या, मी कशाला सांगू, आणि मी काही सांगायचं नाही असं त्याने मला सांगितलंय, तुझं तूच विचार. मी म्हटलं, विचारणारच आहे. त्या म्हणाल्या, कधी?

मंगळवारी जाणार. सोमवारी हॉटेलच्या चादरी असतात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले.

जॅकेट कडक घडीत, पिशवीत. वाटेत सगळं पाठ केलं. आधी जॅकेट समोर टाकायचं, मग म्हणायचं, बघा.

हे शेडच्या मागे नळाजवळ होते. पोरांची जॅकेटं दोरीवर ओळीने. एक घ्यायचं, नळीने धुवायचं, चेन वर-खाली करून आत पाणी घालायचं, ब्रशने रनर घासायचा, पुढचं घ्यायचं. मी आल्याचं बघितलं. हातातलं पूर्ण केलं आणि मग नळ बंद केला. खंगलेले नव्हते. थोडे सुटलेत उलट.

अंगात नवंकोरं लाल जॅकेट. मी चेन बघायला लागले. चेन नाहीच! गळ्याला इलॅस्टिक, डोक्यातून घालायचं, डोक्यातून काढायचं. मी विचारलं, हे कधी घेतलं? म्हणाले, इथे आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. समुद्रावर काहीतरी घालायला पाहिजे ना.

मी पिशवीतलं जॅकेट काढलं. टाकलं नाही, हातात दिलं. यांनी उलगडलं. काळा डाग बघितला, फोड बघितले, बेंबीपाशी बोट फिरवलं. बटणं एक-एक लावून बघितली. मोत्याचं बघून म्हणाले, हे कुणाचं? म्हटलं, असेल कुणाचं तरी, आता तुमचं. म्हणाले, भोकांतून पाणी येईल. म्हटलं, मग भिजू नका.

हसले. खूप दिवसांनी बघितलं. मग शेडमध्ये जाऊन बोटीच्या इंजिनावर जॅकेट घातलं आणि बटणं लावली. म्हणाले, इंजिन झाकायला असंच काहीतरी हवं होतं, अगदी मापाचं आहे. खरंच मापाचं होतं. गळ्याचं बटण लावल्यावर इंजिन एखाद्या पाहुण्यासारखं दिसायला लागलं.

तीन आठवडे मी त्या जॅकेटशी झगडले.

मग हे म्हणाले, तिकडे दोन खोल्या आहेत. मी म्हटलं, कळलं. म्हणाले, बाजारात लाँड्री नाही, कोपऱ्यावर एक गाळा रिकामा आहे, नळ आत आहे. मी म्हटलं, मला कशाला सांगता? यांनी हात पुसले. एक-एक बोट पुसत होते. म्हणाले, तुला म्हणून सांगतो. मी एकटा जायचं म्हणत नाही. शुक्रवारी मला क्लबाला सांगायचंय. येतेस का, ते सांग.

मला इस्त्री आठवली, बरणी आठवली, समोरचा हार्डवेअरवाला आठवला. मी म्हटलं, असं एकदम विचारतात का? माणसाला विचार करायला वेळ नको? म्हणाले, घे की. आणि दुसरं जॅकेट धुवायला घेतलं.

फाटकापर्यंत सोडायला आले. पिशवी माझ्या हातात होती, रिकामी.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून दोन शर्ट झाले.

तिथलं पाणी गोडं आहे की मचूळ, विचारायचं राहिलं. दुकानाला ऊन कुठून येतं, राहिलं. पण ते नंतर बघता येईल.

खरं एकच विचारायचं आहे, ते लिहून हे पान यांना पाठवते. काल तिथे नळाचा आवाज फार होता म्हणून विचारलं नाही. नळ बंद होता, पण दोरीवरची जॅकेटं ठिबकत होती, त्यांचाही आवाज होतो. अहो, मला न्यायचं तुमच्या मनात आधीपासून होतं, की कालची बटणं बघून आलं? मला माहीत आहे बटणांमुळेच. तरी तुमच्या तोंडून पाहिजे. तुम्हाला माझं उत्तर शुक्रवारी हवं असेल तर मला तुमचं उद्या, गुरुवारी, दुकान बंद व्हायच्या आत पाहिजे.